दहा मिनिटांचं गणित

केमिकल इंजिनिअरिंगच्या पुस्तकातलं एखादं सोडवलेलं उदाहरण कथेसारखं पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटावं, असं क्वचितच घडतं. मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक एच. स्कॉट फॉग्लर यांच्या ‘एलिमेंट्स ऑफ केमिकल रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंग’ या पुस्तकात तसं एक उदाहरण आहे. पुस्तकाची पहिली आवृत्ती १९८६ची. पुढे त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या आणि आपल्याकडच्या विद्यापीठांतही ते शिकवलं जातं. विद्यार्थी समीकरणं मांडतात, संगणकाला देतात, आलेख काढतात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात. मला मात्र वाटतं की ही दोन-चार पानं सावकाश वाचावीत, एकेका आकड्यापाशी थांबत. बॅच रिअ‍ॅक्टरमध्ये वेळ आणि उष्णता एकमेकांत कशा गुंतलेल्या असतात, हे इतक्या थोड्या जागेत इतक्या नेमकेपणाने सांगणारं दुसरं लिखाण माझ्या वाचनात नाही.

हकिगत ८ ऑगस्ट १९६९ची, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या सोझे गावची. मिसिसिपी नदीच्या एका तीरावर सेंट लुइस शहर, समोरच्या तीरावर हे कारखान्यांचं गाव. १९६७पर्यंत गावाचं नावच मोन्सँटो होतं, कारण मुळात ते त्या कंपनीच्या कारखान्यासाठी वसलं होतं. त्या रात्री बारा वाजून अठरा मिनिटांनी मोन्सँटोच्या कारखान्यातला एक बॅच रिअ‍ॅक्टर फुटला. दहा मैलांवरच्या बेलव्हिलमध्ये माणसं झोपेतून जागी झाली.

त्या रिअ‍ॅक्टरमध्ये ऑर्थो-नायट्रोक्लोरोबेंझीन, म्हणजे धंद्याच्या भाषेत ओएनसीबी, आणि अमोनिया यांच्यापासून नायट्रोअ‍ॅनिलीन बनायचं. रंगांच्या उद्योगात लागणारा हा मधला माल. ओएनसीबीच्या एका रेणूला अमोनियाचे दोन रेणू लागतात. एक क्लोरीनची जागा घेतो, दुसरा सुटलेल्या आम्लाला धरून त्याचा नवसागर करतो. सोबतीला भरपूर पाणी. तापमान १७५ अंश सेल्सिअस, दाब सुमारे ५०० पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाच्या चौतीसपट. अभिक्रिया होताना उष्णता सुटते आणि ती सतत काढून घ्यावी लागते. त्यासाठी २५ अंशांच्या पाण्यावर चालणारा हीट एक्स्चेंजर होता.

हा एक्स्चेंजर अधूनमधून बंद पडत असे. तंत्रज्ञ तत्परतेने धावत, दहाएक मिनिटांत तो पुन्हा चालू करत, आणि वर्षानुवर्षं त्यातून काही बिघडलं नव्हतं. मग कोणीतरी म्हणालं असावं की भांडं तर एक तृतीयांशच भरतंय, वरपर्यंत भरलं तर उत्पादन तिप्पट होईल. हा भाग फॉग्लर तर्क म्हणूनच मांडतात, कोणाचं नाव घेत नाहीत. ही निवड मला फार आवडते. खलनायक उभा केला असता तर वाचकाचं लक्ष त्या माणसाकडे गेलं असतं. इथे ते आकड्यांच्या तक्त्याकडे जातं, आणि खरी कथा त्या तक्त्यातच आहे.

तक्ता अगदी लहान आहे. नेहमीच्या बॅचला ओएनसीबी ३.१७ किलोमोल, अमोनिया ४३, पाणी १०३.६, एकूण आकारमान ३.२६ घनमीटर. त्या रात्रीच्या बॅचला ओएनसीबी ९.०४, अमोनिया ३३, पाणी १०३.७, आकारमान ५.१२ घनमीटर. किलोमोलचे किलो केले तर ओएनसीबी सुमारे ५०० किलोंवरून १,४२५ किलोंवर गेलं. पाणी जागच्या जागी राहिलं. अमोनिया वाढला तर नाहीच, उलट दहा किलोमोलने कमी झाला. आणि एक आकडा दोन्ही बॅचना सामायिक आहे: एक्स्चेंजरची ताकद. रिअ‍ॅक्टर आणि पाणी यांच्या तापमानात जितक्या अंशांचा फरक, त्या प्रत्येक अंशामागे मिनिटाला ३५.८५ किलोकॅलरी. माल जवळजवळ तिप्पट झाला, उष्णता काढणारा पृष्ठभाग तितकाच राहिला. तक्त्यात ‘धोका’ हा शब्द कुठेच नाही, पण या दोन ओळी शेजारी ठेवून वाचणाऱ्याला तो दिसायलाच हवा.

बहुतेक वाचक इथून थेट उष्णतेकडे जातात. मी आधी घड्याळाकडे जातो, कारण या उदाहरणात एक गोष्ट न सांगता ठेवलेली आहे आणि ती वेळेच्या हिशेबातूनच बाहेर येते.

सतत वाहणाऱ्या संयंत्रात माल एका टोकाने शिरतो आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. बॅचमध्ये माल भरायचा, झाकण घट्ट करायचं, तापवायचं आणि थांबायचं. किती थांबायचं, याचं उत्तर मालाच्या एकूण वजनावरून मिळत नाही. दर क्षणाला किती माल उरला आहे आणि त्या क्षणी तो किती वेगाने बदलतो आहे, यावरून बारीकबारीक तुकड्यांत वेळ मोजायचा आणि तुकड्यांची बेरीज करायची. सुरुवातीचे तुकडे आखूड असतात. जसजसा माल संपत येतो तसतसे ते लांबत जातात. पहिला अर्धा माल बदलायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कितीतरी जास्त शेवटचा दहावा हिस्सा खातो.

सोझेच्या अभिक्रियेचा वेग दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो: ओएनसीबीची तीव्रता आणि अमोनियाची तीव्रता. नेहमीच्या बॅचमध्ये एका ओएनसीबीमागे साडेतेरा अमोनिया होते. लागतात फक्त दोन. म्हणजे अमोनियाची रेलचेल होती आणि ती मुद्दाम ठेवलेली होती. अखेरच्या टप्प्यात ओएनसीबी विरळ होतं तेव्हाही अमोनिया भरपूर असल्यामुळे अभिक्रिया रेंगाळत नाही. त्या रात्रीच्या बॅचमध्ये हे प्रमाण ३.६५ झालं.

पुस्तकातल्या वेगाच्या आकड्यांवरून मी दोन्ही बॅचचा हिशेब केला, १७५ अंश कायम धरून आणि एक्स्चेंजर कधीच बंद पडला नाही असं मानून. नेहमीच्या बॅचमध्ये चोवीस तासांत ८७ टक्के ओएनसीबीचं रूपांतर होतं. भरलेल्या बॅचमध्ये त्याच चोवीस तासांत जेमतेम ५९ टक्के. नव्वद टक्क्यांपर्यंत जायला नेहमीच्या बॅचला सुमारे २७ तास लागतात, भरलेल्या बॅचला ७८. चोवीस तासांनी रिअ‍ॅक्टर उघडला तर पूर्वी २.७७ किलोमोल नायट्रोअ‍ॅनिलीन मिळायचं, आता ५.३३ मिळेल. दुप्पटसुद्धा नाही. आणि त्याच्याबरोबर न बदललेलं ओएनसीबी उरेल ५८५ किलोंच्या आसपास, म्हणजे पूर्वी जेवढं एका बॅचला घालत होते त्याहूनही जास्त. ते वेगळं काढा, शुद्ध करा, पुन्हा वापरा, हा सगळा खर्च वेगळाच.

हा हिशेब पुस्तकात नाही. पण त्याला लागणारा प्रत्येक आकडा पुस्तकात आहे, आणि या उदाहरणावरचं माझं प्रेम इथूनच सुरू होतं. तिप्पट उत्पादनाचा जो मोह कथेच्या मुळाशी आहे, तो धोक्याचा होता हे सगळेच शिकतात. तो मुळात फळणाराच नव्हता, हे तक्ता नीट वाचणाऱ्यालाच कळतं. अर्ध्या तासाच्या कागदी कामात हे त्या रात्रीच्या आधी कळू शकलं असतं, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. भांड्यात जागा शिल्लक दिसते, पण ती जागा अमोनियाच्या आणि वेळेच्या हिशेबात आधीच खर्च झालेली असते. बाहेरून बघणाऱ्याला ती रिकामी वाटते एवढंच.

आता उष्णता.

इथे दोन पक्ष आहेत. एक, अभिक्रियेतून दर मिनिटाला सुटणारी उष्णता. दुसरी, एक्स्चेंजर दर मिनिटाला जास्तीत जास्त काढू शकेल ती. काढण्याची क्षमता तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढते, प्रत्येक अंशाला तीच ३५.८५ची भर. सुटणारी उष्णता मात्र वक्राने वाढते. अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर घातांकाच्या रूपात चढतो, हे अर्‍हेनियसने १८८९ साली मांडलं. सरळ रेषा आणि वक्र एकाच आलेखावर काढून उष्णतेचा स्फोट कुठे सुरू होतो ते दाखवण्याची रीत निकोलाय सेम्योनोव या रशियन शास्त्रज्ञाची, १९२८ची. त्यांना पुढे १९५६ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सोझेचं उदाहरण त्याच आलेखाच्या कुळातलं आहे. फरक एवढाच की सेम्योनोवच्या आलेखात वेळ दिसत नाही, फॉग्लरच्या उदाहरणात वेळ हेच मुख्य पात्र आहे.

पहिली ४५ मिनिटं सगळं सुरळीत चाललं. १७५ अंशांना भरलेली बॅच मिनिटाला सुमारे ३,९०० किलोकॅलरी सोडत होती, एक्स्चेंजर ५,४०० पर्यंत काढू शकत होता. ऑपरेटर पाण्याचा वाल्व थोडा आवळून तापमान जागेवर ठेवत असणार, कारण पूर्ण पाणी सोडलं असतं तर रिअ‍ॅक्टर गार पडला असता. म्हणजे हाताशी बऱ्यापैकी सवड होती. या टप्प्यापर्यंतचं उदाहरण वाचताना बॅच वाढवणाऱ्यांची बाजू पटू लागते. ४५ मिनिटांत रूपांतर झालं होतं फक्त ३.३ टक्के. माल जवळपास सगळाच शिल्लक.

मग एक्स्चेंजर बंद पडला. दहा मिनिटं.

या दहा मिनिटांत उष्णतेला बाहेर जायला वाट नाही. जी सुटेल ती आतल्या द्रवालाच तापवणार. सुरुवातीला तापमान मिनिटाला दीड अंशाने चढतं. तापमान चढलं की वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता वाढते, आणि दहाव्या मिनिटाला चढण्याची गती अडीच अंशांच्या पुढे गेलेली असते. १७५चे १९५ अंश होतात. तंत्रज्ञ नेहमीप्रमाणे धावले, एक्स्चेंजर चालू केला, पाणी पूर्ण सोडलं. आता अभिक्रिया मिनिटाला ६,५९१ किलोकॅलरी सोडते आहे आणि एक्स्चेंजर पूर्ण ताकदीने ६,०९३ काढतो आहे. फरक पाचशेचा. एकूण उष्णतेच्या आठ टक्क्यांहूनही कमी.

फॉग्लर हे दोन आकडे एकाखाली एक ठेवतात आणि फारसं भाष्य न करता पुढे जातात. लेखकाचा संयम म्हणावा तो हा. मला मात्र इथे थांबून विचारावंसं वाटलं की रेषा आणि वक्र नेमके कोणत्या मिनिटाला एकमेकांना छेदून गेले. हिशेब केला तर छेद १९१ अंशांच्या आसपास पडतो, एक्स्चेंजर बंद पडल्यानंतर सव्वाआठ-साडेआठ मिनिटांनी. तोपर्यंत पाणी परत आलं असतं तर तापमान हळूहळू खाली आलं असतं. आलं दहाव्या मिनिटाला. म्हणजे कमी पडली ती दीड-दोन मिनिटं.

हाच हिशेब नेहमीच्या बॅचसाठी केला. तिथे दहा मिनिटांत तापमान १८८ अंशांच्या आसपास जातं. त्या तापमानाला अभिक्रिया मिनिटाला ३,८०० किलोकॅलरी सोडते आणि एक्स्चेंजर ५,८०० काढू शकतो. पाणी सुरू होताच सगळं ताळ्यावर. त्या बॅचमध्ये परतीची वाट बंद व्हायला एक्स्चेंजर साधारण वीस मिनिटं बंद राहावा लागतो.

वीस मिनिटं आणि सव्वाआठ मिनिटं. तंत्रज्ञांच्या कामात काहीच फरक पडलेला नव्हता. त्यांची दहा मिनिटं वर्षानुवर्षांची होती, चोख होती. बॅच वाढवण्याच्या निर्णयाने त्यांच्या हातातली मुदत निम्म्याहून कमी केली आणि ते कोणी त्यांना सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्यालाच ते माहीत नसावं. ‘आजवर कधी काही झालं नाही’ हा अनुभव खोटा नव्हता. तो जुन्या बॅचचा अनुभव होता. भरलेल्या बॅचचा त्यांना अनुभवच नव्हता, आणि तो येणार होता एकदाच. तारापूर, महाड, लोटे-परशुराम इथल्या कारखान्यांत आजही बहुतांश काम बॅच रिअ‍ॅक्टरवरच चालतं. तिथल्या कुठल्याही शिफ्टमध्ये कूलिंग गेलं तर किती वेळ हातात आहे, हा प्रश्न विचारता येतो, आणि त्याचं उत्तर चार्ज, म्हणजे बॅचला भरलेला माल, बदलला की बदलतं. चार्ज वाढवण्याचा कागद आला की हे उत्तर नव्याने काढलं जावं, ते ऑपरेटरच्या समोरच्या भिंतीवर लागावं, असं मला कळकळीने वाटतं.

पण उदाहरणाचा सर्वांत जबरदस्त भाग याच्या पुढचा आहे, आणि आलेख घाईने बघणाऱ्याच्या हातून तो निसटतो.

पाणी परत आलं. पाचशे किलोकॅलरींची तूट आहे, पण आत जवळजवळ चार टन द्रव आहे. त्याला एक अंश तापवायला अडीच हजार किलोकॅलरी लागतात. पाचशे भागिले अडीच हजार, म्हणजे मिनिटाला एक पंचमांश अंश. काही क्षणांपूर्वी मिनिटाला अडीच अंशांनी चढणारं तापमान पाणी सुरू होताच जवळपास थबकतं. तापमापकासमोर उभ्या असलेल्या माणसाने काय समजावं? त्याने दुरुस्ती केली, पाणी सोडलं, आणि काटा थांबला. पहिल्या पाच मिनिटांत एक अंश. सुटकेचा श्वास सोडावा अशीच ही खूण आहे. ‘आता उतरेल’ असं म्हणायला प्रत्येक कारण आहे.

ते उतरत नाही. मी मिनिटामिनिटाचा हिशेब पुढे चालवला तेव्हा असं दिसलं: वीस मिनिटांनी २०१ अंशांच्या जवळपास. चाळीस मिनिटांनी २१३. पन्नास मिनिटांनी २२७. आणि साठाव्या मिनिटाच्या सुमाराला २६० पार. पहिल्या वीस मिनिटांत साडेपाच अंश, शेवटच्या दहा मिनिटांत तीस-पस्तीस. या सगळ्या वेळात एक्स्चेंजर पूर्ण ताकदीने चालू आहे. त्याची क्षमताही वाढते आहे, कारण तापमानातला फरक वाढतो आहे. पण ती सरळ रेषेत वाढते आणि समोरचा वक्र तिला मागे टाकत जातो.

म्हणजे दहा मिनिटांच्या बिघाडानंतर जवळजवळ एक तास होता. त्या तासात अमोनिया सोडून देऊन दाब उतरवता आला असता का, आत थंड पाणी ढकलता आलं असतं का, ही चर्चा करता येते. सोझेत काय काय शक्य होतं, यात उदाहरण शिरत नाही. ते एवढंच दाखवतं की बॅच हातातून सुटण्याचा क्षण आणि ती सुटली आहे हे डोळ्यांना दिसण्याचा क्षण यांच्यात तासाभराचं अंतर असू शकतं. अनावर झालेल्या अभिक्रियेचं चित्र आपल्या मनात नेहमी झपाट्याचं असतं: काटा सर्रकन वर, भोंगा, धावपळ. इथे ती सुरू होते तेव्हा जवळपास स्थिर दिसते. तूट जितकी लहान तितका हा फसवा काळ लांब. इथे तूट अगदी लहान होती, म्हणूनच तो एवढा लांबला. हे समजल्यावर मला त्या आलेखाचा मधला सपाट वाटणारा भाग शेवटच्या उभ्या रेषेपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

तापमान २६५ अंशांवर पोचलं की दाब ७०० पीएसआय होतो, आणि तिथे रप्चर डिस्क फुटायला हवी होती. पातळ धातूची ही चकती ठरलेल्या दाबाला फाटते आणि भांडं वाचतं. ती फुटली नाही. फुटली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब फॉग्लर देतात: मिनिटाला ८३० किलो पाण्याची वाफ बाहेर पडली असती आणि दर किलोमागे ५४० किलोकॅलरी घेऊन गेली असती. मिनिटाला जवळपास साडेचार लाख. त्या क्षणी अभिक्रिया सोडत होती सुमारे २७ हजार. एक्स्चेंजर पाचशेने हरला, आणि ही चकती सोळापटींनी जिंकली असती.

एक आकडा मात्र मला खटकतो. पुस्तकात या अभिक्रियेची उष्णता किलोमोलला ५ लाख ९० हजार किलोकॅलरी दिली आहे. क्लोरीनची जागा अमोनियाने घ्यायची, एवढ्या अदलाबदलीला ही उष्णता फारच मोठी आहे. ती तशीच धरली आणि सगळी आतच कोंडली, तर भरलेल्या बॅचचं तापमान दोन हजार अंशांहून जास्त चढेल असं उत्तर येतं. असा द्रव अस्तित्वात राहूच शकत नाही. वर गेलेल्या तापमानाला नायट्रो गट असलेली संयुगं स्वतःच विघटित होऊन आणखी उष्णता सोडतात, ही गोष्ट या साध्या प्रतिमानात वेगळी धरलेली नाही. एक्स्चेंजरमधलं पाणी सर्वत्र २५ अंशच राहतं हे गृहीतकही सोयीचं आहे. म्हणून मी या उदाहरणाला अपघाताचा पंचनामा म्हणून वाचत नाही, आणि वर जी मिनिटं दिली आहेत ती या उदाहरणाच्या जगातली मिनिटं आहेत. पण या जगाचे नियम आतून चोख आहेत. रेषा कशी वागते, वक्र कसा वागतो, माल, पृष्ठभाग आणि वेळ यांचं नातं काय, यात कुठेही लबाडी नाही. शिकवण्यासाठी रचलेल्या गोष्टीकडून मी तेवढी अपेक्षा करतो, आणि ती पुरेपूर भागते.

राहिला एक धागा, वेळेचा. बॅचच्या घड्याळात प्रत्येक मिनिट सारखं नसतं, हे आपण रूपांतराच्या हिशेबात पाहिलं. तेच उष्णतेलाही लागू आहे. एक्स्चेंजर बंद पडला तो पंचेचाळिसाव्या मिनिटाला. तेव्हा ९७ टक्के ओएनसीबी जसंच्या तसं होतं, अमोनियाही पुरेसा होता, दोघांची तीव्रता शिगेला होती. समजा तीच भरलेली बॅच आहे, तोच एक्स्चेंजर, तीच दहा मिनिटं, पण बिघाड झाला बारा तासांनी. तोवर १७५ अंशांना साडेअडतीस टक्के रूपांतर झालेलं असेल. ओएनसीबी कमी, अमोनिया त्याहून झपाट्याने कमी, कारण तो दुपटीने खर्च होतो. सुटणारी उष्णता मिनिटाला ३,९०० वरून दोन हजारांवर आलेली. पाणी बंद होतं तेव्हा तापमान मिनिटाला दीडऐवजी पाऊण अंशाने चढू लागतं. दहा मिनिटांत नऊ अंश, १७५चे १८४. पाणी परत येतं तेव्हा अभिक्रिया सोडते आहे अडीच हजार आणि एक्स्चेंजर काढू शकतो ५,७००. तापमान खाली येतं. शिफ्टच्या नोंदवहीत एक ओळ लिहिली जाते, आणि दुसऱ्या दिवशी तितकाच चार्ज पुन्हा भरला जातो.